कोंबडीला विचारलं कोणी?

घरामागे चार कोंबड्या पाळाव्यात, एवढा साधा विचार मनात आला की पुढचे कित्येक दिवस माणूस कोंबड्यांविषयी बोलतच नाही. तो पत्रा, कौलं, अँगल, जाळी, बिजागऱ्या आणि छपराचा उतार यांविषयी बोलतो. त्यातून आमचे हे सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. पूल, मोऱ्या आणि संरक्षक भिंतींत उभी हयात घालवलेला माणूस खुराडं बांधायला बसला की काय होतं, ते बघायला सिंधुदुर्गातल्या आमच्या परसात यावं. सर्वात आधी आलेख-कागद आला. त्यावर प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन, उत्तर दिशा दाखवणारा बाण आणि उजव्या कोपऱ्यात सुबक अक्षरांत ‘प्रस्तावित कुक्कुटगृह’. कोंबड्या अजून आठवडी बाजारातच होत्या.

शेजारच्या काकींकडे असला कागद कधी नव्हता. त्यांच्या चिरेबंदी ओट्याच्या पोटातच एक चौकोनी भोक आहे, दोन हात खोल. घर बांधलं तेव्हाच सासऱ्यांनी ते राखून ठेवलं. तोंडाशी फळी सरकवायची, फळीला धोंडा लावायचा, झालं खुराडं. वर माणसं गजाली मारत बसतात, खाली कोंबड्या झोपतात. रात्री कोणी आगंतुक आलाच तर खाली जी फडफड होते ती ओट्यावर झोपलेल्या माणसाच्या थेट पाठीला कळते. पिल्लांची आई असली तर तिच्यासाठी वेगळं डालगं. बांबूचं ते मोठं टोपलं उपडं घातलं की आत हवा, उजेड, आई आणि पिल्लं. वर घार घिरट्या घालत असली तर घालू दे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण ज्याने केली त्याच्या हाताशी असंच एखादं डालगं असणार.

आमच्या ओट्याला पोट नाही. तो ह्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलाय आणि आत गच्च काँक्रीट आहे. तेव्हा बाहेर काहीतरी उभं करणं आलं.

तयार खुराडीही मिळतात. फोटोत ती फार गोड दिसतात. उतरतं छप्पर, पांढऱ्या चौकटीची खिडकी, वर चढायला इवलीशी शिडी. बघता बघता आपल्यालाच तिथे जाऊन राहावंसं वाटतं. खाली ‘सहा कोंबड्यांसाठी’ असं लिहिलेलं असतं, आणि बिल्डरच्या कार्पेट एरियात चौघांचं कुटुंब मावतं तशा सहा कोंबड्या त्यात मावतातही; फक्त कोणी कुशीवर वळायचं नाही. शिवाय त्या पातळ फळ्या कोरड्या हवेच्या हिशोबाने कापलेल्या. आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. त्या फळ्यांवर श्रावणापर्यंत अळंबी उगवली असती. दुसरा पर्याय फॅब्रिकेशनवाल्याचा. अँगलची चौकट, चारी बाजूंनी जाळी, वर पत्रा, खाली चाकं. हा प्रकार दणकट खरा, पण एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखाली कोंबडी दुपारपर्यंत ठेवली की तिचा नुसता मसाला वाटायचा बाकी राहतो. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या पुढे. उकडलं की चोच उघडून धापा टाकणं आणि पंख अंगापासून दूर धरणं, एवढंच तिला करता येतं. त्यामुळे छप्पर मंगलोरी कौलांचं, हे मात्र कोणताही वाद न होता ठरलं. आमच्या घरात असं क्वचित होतं.

चार खुंट्या मारून सुतळी ताणली तेव्हा काकी कुंपणापाशी आल्या. त्यांनी सुतळीकडे बघितलं, ह्यांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, आणि विचारलं, “अवो, तुमी कोंबड्यांक घर बांदतास, की मुंगसाक जेवणाचो डबो?”

हे दिवसभर गप्प होते. संध्याकाळी मात्र त्यांनी कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर नव्याने सुरुवात केली. माझं तर तेव्हापासून ठाम मत झालंय, की खुराड्याचा आराखडा कोंबडी ठरवत नाही. तो मुंगूस ठरवतं, घूस ठरवते, पाऊस ठरवतो. जे कोणी त्या घरात राहायला जाणार नाहीत, ते सगळे मिळून ते घर काढतात. आणि ज्यांना राहायचंय त्यांना कोणी विचारत नाही.

जाळीचंच घ्या. दुकानात जिला ‘चिकन जाळी’ म्हणतात, ती षटकोनी भोकांची पातळ जाळी इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्ड नावाच्या लोखंडी सामानाच्या कारखानदाराने १८४४ साली काढली. कापड विणायच्या मागावरून त्याला तार विणायचं यंत्र सुचलं. ही जाळी कोंबडीला आत ठेवते, त्यात शंका नाही. बाहेरच्याला बाहेर ठेवीन, असं मात्र बर्नार्डसाहेबांच्या जाळीने कुठे कबूल केलं नव्हतं. कुत्रा ती पंजाने फाडतो, आणि एकदा ती गंजायला लागली की मुंगसाला तर नुसतं नाक घालायचा अवकाश. म्हणून मग अर्धा इंची वेल्डमेश. ती महाग पडते, कापताना हात सोलून निघतात, पण उंदरालाही विचार करायला लावते.

या जाळीची एक गंमत मला फार आवडली. ती भिंतीच्या पायाशी थांबवायची नाही. बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीवर फूट-दीड फूट पसरायची आणि वर माती लोटायची. उकरणारं जनावर नेहमी भिंतीला नाक लावून उकरायला लागतं. खाली जाळी लागली की जरा डावीकडे सरकून पुन्हा भिंतीपाशीच उकरतं. चार पावलं मागे जाऊन तिथून भुयार काढावं, हे त्याला सुचत नाही. “मुंगसाला सेक्शन वाचता येत नाही,” हे समाधानाने म्हणाले. काकींच्या टोमण्याला मिळालेलं हे उत्तर होतं, पण त्या वेळी काकी तिथे नव्हत्या.

मुंगसानंतर कांडेचोर. हा झाडांवरून फिरणारा, रात्रीचा, आणि सुतारकाम तपासायला आल्यासारखा प्रत्येक फट चाचपणारा. त्याच्यामुळे भिंत आणि कौलं यांच्यामधली मोकळी पट्टीही जाळीने बंद झाली. त्यानंतर आर, म्हणजे अजगर. काकींच्या माहेरी एकदा आर खुराड्यात शिरला. आत गेला तेव्हा बारीक होता. आत दोन कोंबड्या गिळल्यावर ज्या फटीतून आला त्या फटीतून बाहेर पडेना, आणि सकाळी फळी काढणाऱ्या माणसाला तो तिथे सुस्त पडलेला भेटला. काकी ही गोष्ट सांगताना आराची बाजू घेतात. “खाऊन जड झालो, खंय जातलो तो?” असं त्यांचं म्हणणं. मग दाराला साधा आकडा नको, कडी-कोयंडाच हवा, कारण आकडा कुत्र्याच्या धक्क्याने निघतो. आणि कडी-कोयंडा आला म्हणजे कुलूपही आलंच. आषाढी अमावास्येच्या आसपास परसातल्या कोंबड्यांची चौकशी करणारे सगळेच काही चार पायांचे नसतात. कुलपाची किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीला लावली. जावई कधी येणार हे ज्या बाईला आधी कळतं, आणि कोंबडी-वड्यांचा घाट जी घालते, तिच्याच हाताशी. या व्यवस्थेतला विरोधाभास आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही. राखणदाराला वर्षातून एकदा द्यायचा कोंबडा वेगळाच; तो तर लहानपणापासूनच नावावर केलेला असतो.

उन्हापावसाचं खातं त्यामानाने सरळ निघालं. कोंबड्यांच्या शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे लांब बाजूंनी थेट ऊन आत येत नाही, हे कुक्कुटपालनाचं कोणतंही पुस्तक सांगतं. नेमके त्याच आठवड्यात वास्तुशास्त्र बघणारे आमचे एक नातेवाईक आले होते. त्यांनी डोळे मिटून, बोटं मोजून तीच दिशा सांगितली. विज्ञान आणि ते नातेवाईक यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, म्हणून मी त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला. आमचा पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो, त्याची झड पश्चिमेच्या आखूड बाजूवर बसते. तिथे मे संपता संपता माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे. घराच्या पडवीला बांधतो तेच. जमिनीपासून दोन फूट उंच चिऱ्यांच्या खांबांवर तळ घेतला, म्हणजे खालून पाणी जाऊ दे नाहीतर बेडूक.

हवेवरून मात्र वाजलं. पावसाळ्यात गारठा लागेल म्हणून हे वरचा झरोका बंद करायच्या बेतात होते. कोंबडीला गारव्याचं फार काही वाटत नाही. अंगावर पिसांचा कोट असतो. तिला मारते ती ओल आणि कोंडलेली हवा. विष्ठा ओली राहिली की त्यातून अमोनिया उठतो, तो आधी डोळ्यांत झोंबतो, मग छातीत बसतो. म्हणून वारा कोंबड्यांच्या डोक्यावरून जायला हवा, अंगावरून नको, आणि तो बारा महिने जायला हवा. याची परीक्षा घ्यायची एकच रीत: पहाटे दार उघडल्याबरोबर कोंबडीच्या उंचीएवढं वाकायचं आणि नाकाने श्वास घ्यायचा. पुलाच्या कमानीखाली टॉर्च घेऊन फिरलेला अधिकारी गुडघे टेकून खुराड्यात डोकं घालतो आणि बराच वेळ बाहेर येत नाही, हे दृश्य रस्त्याने जाणाऱ्यांना काही काळ नवं होतं. आता कोणी थांबत नाही. जमिनीवर भातगिरणीतलं तूस पसरतो, चारेक बोटं जाड; याला गादी पद्धत म्हणतात. ते अधूनमधून हलवायचं, ओलं झालेलं काढायचं, वर नवं घालायचं. महिन्यांनी निघतं ते कुजवून माडांना. ताजं घातलं तर मुळं भाजतात.

आतल्या सजावटीत पहिला मान दांड्यांना. कोंबडी जमिनीवर झोपत नाही, तिला बसायला आडवा दांडा लागतो. ह्यांनी नाटकाच्या थिएटरसारखी पायऱ्या-पायऱ्यांची रचना काढली होती, सगळ्यांना सगळं दिसावं म्हणून. काय दिसावं, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी चारही कोंबड्या आणि कोंबडा सर्वात वरच्या दांड्यावर, आणि खालचे दोन रिकामे. वर जागा तिघांची. मग अर्धा तास ढकलाढकली, टोचाटोची, आणि त्यात सर्वात धाकटी तलंग तीनदा खाली आपटली. थोरलेफ शेल्डेरुप-एब्बे नावाचा एक नॉर्वेजियन माणूस लहानपणापासून कोंबड्यांकडे बघत बसायचा, आणि १९२१-२२ च्या सुमारास त्याने जगाला सांगितलं, की कळपात कोणी कोणाला टोचायचं याची पक्की उतरंड असते. पहिली सगळ्यांना टोचते, शेवटची सगळ्यांचं सोसते. एकत्र कुटुंबात नांदलेल्या कुठल्याही सुनेने त्याला हे आधी सांगितलं असतं. पण सुनांना कोणी पीएच. डी. देत नाही. आता सगळे दांडे एका उंचीवर आहेत, प्रत्येकीला वीतभर जागा येईल असे. भांडण अजून आहेच. आता ते भिंतीकडच्या टोकासाठी असतं.

अंडी घालायला खोकी दोन केली, फूटभर लांबी-रुंदीची, दांड्यापेक्षा खाली. ती उंचावर ठेवली तर कोंबड्या त्यांतच झोपतात आणि घाण करतात. दोन्ही खोकी सारखी, दोन्हींत सारखं गवत, दोन्हींत सारखाच अंधार. चारही जणी डावीकडच्याच खोक्यात घालतात. एक आत बसलेली असते, दुसरी दाराशी उभी राहून कुरकुरते, तिसरी तिच्या मागे. उजवीकडचं खोकं कोणी पाहुणा येणार असल्यासारखं रिकामं. जिथे आधीच अंडं आहे ती जागा सुरक्षित, असा कोंबडीचा हिशोब असतो, म्हणून काकी नेहमी एक अंडं मागे ठेवतात. त्यांच्या सांगण्यावरून मी उजवीकडे टेबल टेनिसचा चेंडू ठेवून बघितला. तांबडी त्याच्याकडे एक डोळा करून बराच वेळ बघत राहिली आणि मग पडवीतल्या, ह्यांच्या जुन्या मोजमाप-वह्यांच्या पेटीत जाऊन अंडं घातलं. त्या वह्यांना हात लावायची मला पंचवीस वर्षं परवानगी नव्हती.

एका अंड्याला किती रुपये पडले, हा हिशोब लोक आवडीने करतात. आमच्याकडे तो ह्यांनी केला आणि मला दाखवला नाही. मीही विचारला नाही.

कोंबडीला स्वतःला काय हवं असतं, याचा पत्ता तिच्या पूर्वजांकडे लागतो. रानकोंबड्या दिवसभर जमिनीवर उकरतात आणि रात्री झाडावर चढतात. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, पाळीव कोंबड्यांची आजवरची सर्वात जुनी खात्रीची हाडं मिळाली, असं २०२२ साली संशोधकांनी मांडलं. आणि ही जंगली पाखरं माणसाजवळ आली ती भाताच्या नि इतर धान्यांच्या शेतीमुळे, सांडलेले दाणे टिपायला, असं त्यांचं म्हणणं. हे वाचून मला आमच्या खळ्यातली भातझोडणी आठवली. दाणे सांडावेत आणि कोंबडीने यावं, एवढ्यावरच सगळं जमलेलं दिसतं; कोणी कोणाला पकडून आणलेलं नाही. आपल्या सह्याद्रीत तर वेगळाच, राखी रानकोंबडा राहतो. पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबडीची वंशज असली, तरी तिचे पिवळे पाय या राखी पाहुण्याकडून आलेत, हे २००८ साली जनुकांवरून कळलं. म्हणजे आमच्या तांबडीच्या पायांपुरतं माहेर इथलंच आहे. उंच फांदी, पायाखाली काळोख आणि आपल्यापेक्षा वर कोणी बसलेलं नसणं, एवढीच तिची मागणी. ही मागणी कागदाच्या कोणत्याच बाजूवर नव्हती. आम्ही तिला मंगलोरी कौलं, वेल्डमेश आणि कडी-कोयंडा दिला.

पण सवय लागते. नव्या कोंबड्या पहिले काही दिवस आतच कोंडून ठेवायच्या, खाणंपिणं तिथेच, म्हणजे घर कुठलं ते त्यांच्या डोक्यात बसतं. त्यानंतर संध्याकाळी त्यांना हाकावं लागत नाही. दिवेलागणीला एकेक जण परसातून चालत येते, शिडीशी थांबून मागे बघते, आणि आत जाते. अंधारात त्यांना फारसं दिसत नाही, म्हणून उजेड असेतो उरकायचं असतं. त्यांच्यामागे दार लावायचं काम तेवढं माणसाचं. ते एक दिवसही चुकवून चालत नाही, कारण मुंगूस दिवसा फिरतं आणि कांडेचोर रात्री, आणि या दोघांच्या पाळ्यांमध्ये सुट्टी नसते. उजेड कमी झाला की आपोआप बंद होणारी दारंही बाजारात आहेत. ह्यांनी त्याची माहिती मागवली. काकींना सांगितलं तर म्हणाल्या, “आणि आत किती गेल्यो ता कोण मोजतलो?”

मोजायचं काम आता त्यांच्याकडेच असतं, आम्ही गावाला गेलो की. परवा भाचीच्या लग्नाला पुण्याला होतो. गोरज मुहूर्त, कार्यालयात सनई चाललेली, मंगलाष्टकं सुरू व्हायला पाच मिनिटं, आणि हे अक्षता मुठीत धरून खांबाआड फोनवर.

“दार लावलंत ना, काकी?”

“लावलंय. पण एक कमी आसा.”

“कमी म्हणजे? कोणती?”

“तांबडी. फणसार चढून बसली हा. मी हाकलंय, शिट मारलंय, दाणे दाखवलंय. उतराक तयार नाय. ऱ्हवांदे थंयच, काय्येक होवचा नाय.”

हे काही क्षण बोललेच नाहीत. पलीकडे भटजींनी सावधान म्हटलं, सगळ्यांच्या अक्षता उडाल्या, ह्यांच्या मुठीतल्या मुठीतच राहिल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “काकी, ती फांदी जमिनीपासून साधारण किती फुटांवर असेल हो?”